राखलेला पांढरा

मर्डो गिलीस यांना गोंद खपत नसे. माझ्या दुकानात ते पहिल्यांदा आले तेच मुळी हे सांगत. काखेत पुठ्ठ्याचं पाकीट, डोक्यावर कापडी टोपी, उन्हाने सोललेलं नाक. साल दोन हजार नऊ असावं. पाकीट त्यांनी काउंटरवर ठेवलं, पण त्याच्यावरचा हात काही काढला नाही.

"गोंद लावणार?"

"मागून थोडा, सर. नाहीतर कागद सरकतो."

"मग नको," म्हणाले आणि पाकीट उचलून निघाले.

दारापाशी थांबले, कारण बाहेर आखातातला भाजणारा ऑगस्ट होता. तेवढ्यात मी म्हटलं, "वरून दोन कागदी पट्ट्यांवर टांगता येईल. खालची बाजू मोकळी. काढायचं तेव्हा काढा."

ते वळले. "हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. एका माणसाने निकाहनामा फ्रेम करायला दिला होता. म्हणाला, लागला तर काढता आला पाहिजे."

ते इतके हसले की त्यांना खोकला आला. मग पाकीट उघडलं.

गिलीस सर फेब्रुवारीत त्यांच्या बेटावर वारले. स्कॉटलंडच्या पश्चिमेला ते बेट आहे, नकाशात मला ते अजून नीट सापडत नाही. त्यांची जुनी विद्यार्थिनी रुचा हिने कळवलं. त्यांच्याबद्दल कुठेतरी चार ओळी लिहिलेल्या असाव्यात असं तिचं म्हणणं पडलं. "अंकल, तुम्हीच लिहा, तुम्ही डेली भेटायचात." मला लिहिण्याची सवय नाही, आणि हे लिहायला मी योग्य माणूस आहे असंही वाटत नाही. ते का, ते पुढे येईल.

मी जहूर सोलकर, रत्नागिरीकडचा. एक्क्याण्णव साली अमिरातीत, रास अल खैमाला फरशीच्या कारखान्यात लागलो. माझं काम शेड निवडण्याचं. एकाच भट्टीतून निघालेल्या पांढऱ्या फरशीतही चार-पाच पांढरे निघतात. पट्ट्यावरून फरशी सरकत असते आणि डोळ्यांनी ठरवायचं असतं, ही एक नंबर, ही दोन, ही बाद. दोन शेड एका खोक्यात गेल्या तर लोकांच्या भिंतीवर ठिगळ दिसतं. अकरा वर्षं ते केलं. मग तिथेच नखील भागात फ्रेमचं लहानसं दुकान टाकलं, ते बावीस वर्षं चाललं. आता आम्ही दोघं मुलाकडे, अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो.

गिलीस सर रास अल खैमाच्या एका इंग्रजी शाळेत चित्रकला शिकवायचे. एकोणनव्वद साली आले ते दोन वर्षांसाठी. पुढे निवृत्त झाले, तरी खोराच्या, म्हणजे खाडीच्या काठी जुन्या बैठ्या घरात राहिलेच. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलं की म्हणायचे, "बोट चुकली." माझ्या बायकोने, खैरुन्निसाने, त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "मर्डो? हे काय नाव, मुर्द्यासारखं! आईने ठेवलं की दुश्मनाने?" मी ते त्यांना सांगून टाकलं. त्यांना फार आवडलं. तेव्हापासून तिला निरोप पाठवताना "मुर्द्याचा सलाम सांग" म्हणायचे. ती त्यांना तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण पाठवायची. ते डबा धुऊन, आत खारफुटीचं किंवा बगळ्याचं एखादं बोटभर चित्र घालून परत करायचे.

पोट शाळेवर चाललं, पण त्यांचं खरं काम वेगळं होतं. त्यांच्या देशातला एक प्रकाशक जुन्या अभिजात कादंबऱ्या शाळेतल्या मुलांसाठी छोट्या करून छापायचा. त्यातली काळ्या शाईची चित्रं सर काढायचे. चाळीसेक पुस्तकं झाली असतील. वादळातली जहाजं, गाड्या-घोडे, बर्फात अडकलेली माणसं. त्यांचं नाव शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या वर, बारीक अक्षरात. "मोठ्या कादंबऱ्या हे लोक आटवून आटवून चमचाभर करतात, आणि मी त्यात चिमूटभर मीठ टाकतो," असं म्हणायचे.

जलरंग ते स्वतःसाठी करायचे. ते करताना मी कितीदा पाहिलं. टेबलावर दोन बरण्या पाण्याच्या, एक ब्रश धुवायला, एक रंगात घालायला. कागद सुती, जाड. त्यांनी एकदा मला समजावलं होतं.

"पांढरा कुठे आहे सांग, या डबीत."

मी डबी पाहिली. "नाहीये, सर."

"नसतोच. लाटेवरचा फेस, बर्फ, पक्ष्याची पाठ, तिथे मी हात लावत नाही. कागदच राहू देतो. पांढरा लावायचा नसतो, जहूर, राखायचा असतो. एकदा गेला की खलास."

अकरा वर्षं पांढऱ्या फरशा पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटलं.

त्यांची आणखी एक रीत होती, आणि पुढचं सगळं त्या रीतीमुळेच झालं. चित्र पूर्ण झालं की ते त्यावर विश्वास ठेवत नसत. माझ्याकडे आणायचे. मी त्याभोवती पांढऱ्या बोर्डाचा माउंट, म्हणजे रुंद किनार कापायची, काचेखाली घालायचं, आणि ती फ्रेम त्यांच्या जेवायच्या टेबलासमोर एक महिना लटकायची. महिनाभर सकाळ-संध्याकाळ ते बघायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. महिन्याअखेरीस ठरवायचे: ठेवायचं की फाडायचं. बंदराचं एक सुंदर चित्र त्यांनी माझ्यासमोर फाडलं होतं. मी हळहळलो तर म्हणाले, "डावीकडची एक लाट खोटं बोलत होती." माउंट नेहमी शुद्ध पांढऱ्या बोर्डाचा. त्याच्याशी ताडून ते आपला राखलेला पांढरा तपासायचे. माझा बोर्ड म्हणजे त्यांचं मोजमाप होतं म्हणा ना.

दोन हजार एकवीसच्या शेवटी ते दुकानात आले ते टोपी हातात घेऊन. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. मोबाईल माझ्यापुढे धरला. एडिंबरातल्या एका मोठ्या प्रकाशकाचा ईमेल होता. त्यांच्याच बेटांवरच्या एका पाद्र्याने दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेली कादंबरी नव्याने निघणार होती. दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट. नवरा सामान आणायला होडी घेऊन जातो तो येतच नाही, आणि बायको पूर्ण हिवाळाभर एकटी दिवा पेटता ठेवते. तिकडे ती शाळेत शिकवतात म्हणे. सरांचे वडील मच्छीमार, ते ही कादंबरी घरात मोठ्याने वाचायचे. बारा रंगीत चित्रं हवी होती, जलरंगात, दोन वर्षांत.

"आणि नाव कव्हरवर," सर म्हणाले. "कव्हरवर, जहूर. चौऱ्याहत्तराव्या वर्षी."

"मबरूक, सर."

"थांब. आधी बारा फाडून झाली की मग बारा होतील."

पहिली दोन चित्रं मी विसरणार नाही. पहिल्यात होडी निघते आहे आणि बाई पायऱ्यांवर उभी. दुसऱ्यात नुसता समुद्र, आणि खडकावर फुटलेली लाट. ती लाट म्हणजे कोरा कागद होता, पण हात लावला तर ओला होईल असं वाटायचं. दोन्ही महिनाभर लटकली आणि टिकली.

तिसरं आलं ते बावीसच्या मे महिन्यात. बाई दारातला बर्फ फावड्याने ओढते आहे. मी ते बोर्डावर ठेवलं आणि माझा हात थांबला. बर्फ पिवळा होता. फार नाही. हळदीचं भांडं धुतलेलं पाणी पांढऱ्या कपड्यावर सांडून वाळावं, तेवढा. एका कोपऱ्यात बोटाचा ठसाही होता, पिवळाच.

कारखान्यात असतो तर एका नजरेत बाद म्हणालो असतो.

"कसं?" सरांनी विचारलं.

"छान आहे, सर. घरात लाइट बदललात का?"

"नाही. का?"

"नाही, असंच."

"इथल्या सिमेंट कारखान्यांच्या धुळीने सगळंच धुरकट दिसतं," ते म्हणाले. "यल्ला, काप. व्हाइट."

ते चहा सांगायला समोरच्या कॅफेटेरियात गेले. मी पांढरा बोर्ड चित्राशेजारी धरला. बर्फ मळलेला दिसला. मग कपाटातून क्रीम रंगाचा बोर्ड काढून धरला. आमच्या धंद्यात हे सगळेच करतात. जुनं कागदपत्र, पिवळा पडलेला फोटो आला की क्रीम माउंट घालायचा, म्हणजे आतला कागद उजळ दिसतो. बर्फ पांढरा झाला. मी क्रीम कापला.

ते परत आले, फ्रेम हातात घेतली, लांब धरली. मी म्हणणार होतो की आज जरा वेगळा बोर्ड घातला आहे. त्यांनी विचारलं असतं, का, आणि मग बोलता आलं असतं. असा माझा हिशेब होता.

"पक्का व्हाइट," म्हणाले. "मस्त." आणि गेले.

तेव्हा मला कळलं की त्यांना क्रीम आणि पांढरा यातला फरक दिसत नाही.

घरी सांगितलं तेव्हा खैरुन्निसा भाकरी थापत होती. "मोतीबिंदू असेल. माझ्या आईला नव्हता का? तिला सगळं चहातून पाहिल्यासारखं दिसायचं. सांगा ना त्यांना."

"मी काय सांगणार? ते चित्रकार आहेत. मुद्दाम केलं असेल."

"अकरा वर्षं फरशीला तोंडावर बाद म्हणालात. माणसाला सांगायला जीभ जड झाली?"

"त्यांचे वडील डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये आंधळे झाले. ते डॉक्टरचं नावही काढू देत नाहीत."

हे खरं होतं. त्यांनी एकदाच सांगितलं होतं. वडील बोटीने मोठ्या गावाला गेले ते चालत, आणि परत आले ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. तो मुलगा म्हणजे सर. त्या हाताचं वजन अजून खांद्यावर आहे म्हणाले होते. पण हे माझं कारण नव्हतं, निमित्त होतं. कारण एवढंच की मला बोलवेना. पुढच्या वेळी बोलू म्हटलं.

पुढच्या वेळी चौथं आलं, आणखी पिवळं. मी पुन्हा क्रीम घातला. पाचव्याच्या वेळी सरांनी स्वतः विचारलं, "हा तोच व्हाइट ना?" मी म्हणालो, "तोच." आता खोटं तोंडाने बोलून झालं होतं. त्यानंतर खरं सांगणं म्हणजे आधी ते कबूल करणं आलं. दर चित्रागणिक ते अवघड होत गेलं.

गाडी चालवणं त्यांनी सोडलं, "ट्रॅफिक फार" म्हणून. खोलीतल्या धुवायच्या बरणीतलं पाणी सरबतासारखं पिवळं असायचं आणि ते त्यातच ब्रश बुडवत राहायचे. मी गेलो की गुपचूप पाणी बदलायचो. तेवढंच करू शकत होतो असं मला वाटायचं.

तेवीसच्या मार्चमध्ये एका शनिवारी रुचा अबू धाबीहून आली. ती आर्किटेक्ट आहे, अल रीम आयलंडला राहते. शाळेत सरांच्या हाताखाली शिकली. तिची नजर तयार आहे. मी तिथेच फ्रेम लावत होतो. भिंतीवर सातवं चित्र होतं, वादळानंतरची सकाळ. सरांनी तिला समोर उभं केलं.

"खरं सांग. मार्क द्यायचे नाहीत, चूक काढायची."

ती बराच वेळ पाहत राहिली. माझ्या हातातला स्क्रू खाली पडला.

"सर, इट्स ब्यूटिफुल," ती म्हणाली. "किती वॉर्म आहे! बाकी कुठे बर्फ बघितला की थंडी वाजते."

सर तिच्याकडे वळले. "वॉर्म?" म्हणाले. "थंडी वाजायला हवी ना?"

"नाही, म्हणजे छान अर्थाने, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रू शोधत होतो.

मी पांढरा माउंट घातला असता तर त्या पोरीने पहिल्या मिनिटाला विचारलं असतं की सर, बर्फाला काय झालं. त्या रीतीचा उपयोगच तो होता. मी ती रीत आतून पोखरली होती.

बारावं चित्र तेवीसच्या नोव्हेंबरात झालं. महिना भरला. मग सगळी चित्रं फ्रेममधून काढून एडिंबराला पाठवायची होती. ते काम माझंच. सर समोर बसले होते, शाळेच्या पोरासारखे उत्साहात. मी एकेक काच उघडत होतो, पट्ट्या सोडवत होतो, चित्र पांढऱ्या पातळ कागदात गुंडाळत होतो. त्या कागदावर ठेवलं की प्रत्येक चित्र आजारी दिसायचं.

"सर," मी म्हणालो.

"बोल."

"रुचाला एकदा दाखवूया का, असं मोकळं? पाठवायच्या आधी?"

"तिने पाहिलीत सगळी. मुदत पुढच्या आठवड्यात आहे. का, तुला काही वाटतं?"

ही शेवटची वेळ होती. ते मला विचारत होते आणि वाट पाहत होते.

"नाही, सर. इन्शाल्ला सगळं बरं होईल," मी म्हणालो आणि खोक्याला पट्टी लावली.

उत्तर जानेवारीत आलं. सर दुकानात आले तेव्हा ईमेलचा प्रिंट घडी करून खिशात होता. मला वाचायला न देता स्वतःच बोलले, रागाने.

"म्हणतात, पांढरा गेला आहे. पहिली दोन सोडून सगळ्यांत. म्हणतात, छापता येणार नाही. पुस्तक लांबवता येत नाही, म्हणून दुसऱ्याला देतो आहोत. आणि हे बघ, 'आपण अलीकडे डोळे तपासलेत का?' हे लिहिणारी पोरगी तीस वर्षांचीसुद्धा नसेल."

ते खुर्चीवर बसले. मग उठले.

"तू शेडचा माणूस आहेस. महिना-महिना माझ्या भिंतीवर व्हाइट माउंटमध्ये होती ती चित्रं. पिवळी असती तर व्हाइटशेजारी दिसली नसती? मी त्यांना तेच लिहिणार आहे. आण तो बोर्ड. त्याचा तुकडा कापून पाठवतो, ताडून बघा म्हणतो."

मी कपाटाकडे गेलो. तिथे किती वेळ उभा होतो माहीत नाही. मग दोन बोर्ड काढले आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.

"दोन कशाला?"

"सर, यातला एक व्हाइट आहे. एक क्रीम आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. वाकले. एक बोर्ड उचलून दाराच्या उजेडात नेला. परत आले, दुसरा नेला. बाहेर दुपारचं ऊन होतं, त्यात लहान मुलालाही फरक कळला असता. ते दोन्ही बोर्ड घेऊन पायरीवर उभे राहिले. रस्त्यावरचे लोक त्यांना वळसा घालून जात होते.

आत आले तेव्हा दोन्ही बोर्ड काउंटरवर ठेवले, अगदी हळू.

"कुठला क्रीम आहे?"

मी बोट ठेवलं.

"माझ्या भिंतीवर कुठला होता?"

मी बोट उचललं नाही.

"कधीपासून?"

"तिसऱ्यापासून, सर."

ते मनात मोजत होते. ओठ हलत होते. "दहा," म्हणाले.

मग बोर्ड माझ्याकडे सरकवून म्हणाले: "डॉक्टरचे डोळे मला नको होते, जहूर. तुझे होते की."

टोपी तिथेच विसरून गेले.

रुचाने त्यांना अबू धाबीच्या हॉस्पिटलात नेलं. या वेळी ते नाही म्हणाले नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जुना, घट्ट झालेला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. डाव्याच्या मागे काचबिंदू निघाला. मोतीबिंदूवर इलाज होता, याच्यावर नव्हता. त्या डोळ्याची नस कधीच सुकली होती. रुचाने मला फोनवर सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, दीड-दोन वर्षं आधी आले असते तर लेफ्ट आय वाचला असता. अंकल, कुणालाच कसं कळलं नाही?" तिला तोवर काही माहीत नव्हतं. मी तिला त्याच फोनवर सांगितलं. तिने फोन ठेवला, आणि पुढे चार महिने तिने केला नाही.

मार्चमध्ये सरांचा निरोप आला. चित्रं परत आली होती. बारा माउंट हवे होते, शुद्ध पांढरे. माप मला पाठ होतं. मी कापले, फ्रेम भरल्या आणि घेऊन गेलो. त्यांनी दार उघडलं. डाव्या डोळ्यावर काही पट्टी वगैरे नव्हती, पण बोलताना मान थोडी वळवून उजवा डोळा माझ्यावर धरायचे. मी टोपी दिली. त्यांनी घेतली. माउंटची एक कड बोटाने चाचपली.

"हा व्हाइट आहे," म्हणाले. "आता मला दिसतो."

बाराही फ्रेम जेवायच्या टेबलासमोर लावून मी निघालो. चहा विचारला नाही त्यांनी, आणि मीही थांबलो नाही. खैरुन्निसाने डबा दिला होता तो टेबलावर ठेवला. तो परत आला धुतलेला, आत चित्र नव्हतं.

बरोबर महिन्याने फोन आला. "उद्या सकाळी ये. महिना झाला."

मला वाटलं होतं ते एकटेच फाडतील. मी गेलो तेव्हा घरात खोकी भरून ठेवली होती. बहीण बेटावर होती, तिच्याकडे कायमचं जायचं ठरलं होतं. पुढच्या आठवड्याचं तिकीट. पहिली दोन चित्रं आधीच काढून वेगळी बांधली होती. उरलेली दहा भिंतीवर होती. सकाळचा उजेड खोरावरून सरळ आत येत होता, आणि त्या पांढऱ्या चौकटींमध्ये दहा पिवळे हिवाळे लटकले होते. मला तिकडे बघवेना.

"बाराव्यापासून सुरू कर," ते म्हणाले. "काढ, आणि मला दे. देताना सांग."

"काय सांगू, सर?"

"मी विचारेन त्याचं उत्तर."

मी बारावी फ्रेम उतरवली, काच काढली, पट्ट्या सोडवल्या, चित्र दिलं. दिव्याच्या खोलीतली बाई, खिडकीत बर्फ.

"पांढरं आहे?"

"नाही, सर."

त्यांनी मधून फाडलं आणि खुर्चीवर ठेवलं. मी अकरावी उतरवली.

"पांढरं आहे?"

"नाही, सर."

असं आम्ही मागे मागे येत गेलो. ते रागावलेले नव्हते. वर्गात एखादा धडा पुन्हा म्हणून घ्यावा तसा त्यांचा आवाज होता. सातव्याला, ते वॉर्म म्हटलेलं चित्र होतं त्याला, ते थोडे थांबले, आणि मला वाटलं हे ठेवतील. मी म्हणालो, "सर, याचं आकाश चांगलं आहे."

"तो प्रश्न नव्हता."

"नाही, सर. पांढरं नाही."

फाडलं. पाचव्याला, जिथे मी तोच व्हाइट म्हणालो होतो, माझा आवाज फुटला. त्यांनी पाणी पुढे केलं, मी प्यायलो आणि पुढची फ्रेम उतरवली. दर वेळी वाटायचं आता सोपं होईल, पण होत नव्हतं. एवढं मात्र कळत होतं की प्रत्येक वेळी दोनच शब्द लागतात. तेही दोन वर्षं निघाले नव्हते.

शेवटी तिसरं राहिलं. दारातला बर्फ, फावडं, कोपऱ्यातला बोटाचा ठसा. मी ते काढून पुढे केलं.

"पांढरं आहे?"

"नाही, सर. तेव्हाही नव्हतं."

त्यांनी मान वळवून उजव्या डोळ्याने ते नीट पाहिलं. त्या ठशावर आपलं बोट ठेवून पाहिलं. मग चित्र माझ्याकडे परत केलं.

"हे तू."

त्या पुस्तकाची प्रत रुचाने यंदा मला आणून दिली. चित्रं दुसऱ्या कुणाची आहेत, तरुण बाई आहे म्हणे. बर्फ पांढरा आहे. चांगली चित्रं आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. सरांची दोन त्यांच्या बहिणीकडे आहेत. ऑपरेशननंतर त्यांनी काही काढलं का, हे मी बहिणीला रुचाकरवी विचारलं. तिने एका ओळीत कळवलं की रंग इथून आलेल्या खोक्यात तसेच आहेत, खोकं उघडलेलं नाही.

त्या सकाळी मी चित्र दोन्ही हातांत धरलं. ते खिडकीकडे गेले नाहीत, समोर उभे राहून बघत राहिले. कागद सुती होता, जाड. एका झटक्यात फाटला नाही. मधेच अडला, तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते म्हणाले, "ओढ."